सत्तरपैकी

गावदेवी मैदानामागे, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माळ्यावर
धनराज गडा माझी दहाची नोट चिमट्याने उचलतात,
दिव्यासमोर धरतात, तिरपी, मग पालथी.
ही नजर मी ओळखतो.
वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं
बेअरिंगच्या रिंगा मी अशाच फिरवल्या,
केसाच्या दहाव्या हिश्शाने चुकली की रिजेक्ट.
तेव्हा रिंगेच्या बाजूने कधी विचार केला नव्हता.

"टाचणीची भोकं दोन. चालतात, बँकच टोचायची.
घडी नाही. कोपरे टोकदार. धुतली नाही ना कधी?
इस्त्री?"
नाही म्हटलं. पासबुकात होती छप्पन्न वर्षं.
खातं बंद झालं, ती तिथेच राहिली.

मग पाकिटाच्या पाठीवर हिशेब.
ग्रेडिंगची फी, कुरिअर, विमा, वर जीएसटी,
दोन हजार शंभरच्या घरात.
नोट अशीच विकली तर आठशे.
सत्तरपैकी चौसष्ट आले तर घातलेले कसेबसे निघतील,
सहासष्ट आले तर पाच हजार.
"आणि बासष्ट आले तर?"
"तर प्लास्टिकच्या पेटीत कायमची बंद,
आणि तुम्ही माझ्यावर नाराज."
चार आण्यांची कोंबडी नि बारा आण्यांचा मसाला.
गडा जैन, म्हणून मनातच म्हटलं.

त्यांनी नोटेमागच्या गलबतावर भिंग ठेवलं.
चेंदणीच्या बंदरावर होडी विकली त्या दिवशी
बाबांनी कोऱ्या गड्डीतून एकेक काढून दिली होती,
मला आणि मथुराला.
हेच गलबत डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले होते,
"शीड बांधनाऱ्याला वारा ठाव नाय."
दहाचा आकडा त्यांनी पाहिला की नाही कोण जाणे.

"हिचा पुढचा नंबर असता तर," गडा भिंग पुसत म्हणाले,
"जोडी झाली असती. मग मीच म्हटलं असतं, पाठवा."

पुढचा नंबर दिवाळे गावात आहे.
माझ्या नोटेच्या शेवटी सदतीस, तिच्या अडतीस.
चेंदणीची खोली विकली, सहीवरून शब्द वाढले,
त्याला या गटारीला अकरा वर्षं होतील.

चार दिवस फॉर्म टेबलावर पडून.
'मालकाच्या मते किंमत' हा रकाना कोरा.
रात्री ट्यूबलाइटखाली नोट धरायची:
मधोमध फिकट रेघ आहे का?
चष्म्याने दिसते, भिंगाने दिसत नाही.
बायको म्हणाली, दिवा घालवा आता,
नाहीतर मीच हिची भाजी आणते.

शनिवारी ऐरोलीच्या पुलावरून बस गेली.
पिशवीत दोन पुठ्ठ्यांमध्ये नोट, वर रबर.
खाली भरती होती की ओहोटी, पाहिलंच नाही,
कोळ्याचा मुलगा असून.

मथुरा ओट्यावर वाकट्या साफ करत होती.
"कवा आयलास?" जणू काल भेटलो होतो.
मी कारण सांगितलं. दुसरं एखादं सांगता आलं असतं,
खुशाली, गुडघे, नातवाचं बारसं. पण हेच सांगितलं.
तिने पदराला हात पुसले, आत गेली,
गॅसच्या पुस्तकातून तिची काढून आणली.
चार घड्या, कडेला हळद, एक कोपरा गायब,
शिडावर मिठाचा पांढुरका डाग.
वीस वर्षं ठाण्याच्या बाजारात टोपलीमागे बसली,
तेव्हा ही चोळीत असायची.
पाच-सहादा वेळ आली होती, म्हणाली. मोडली नाही.

दोन्ही शेजारी ठेवल्या.
सदतीस, अडतीस.
माझी तिच्यापुढे अगदी नवखी दिसत होती,
पाहुण्यांकडे आणून बसवलेल्या पोरासारखी.

"सत्तरातून किती देतान रं हिला?"
"वीस. फार तर."
"बरोबर हाय," मथुरा म्हणाली,
"शालेन बी मना तवरंच मिलायचं."

आणि नीट न पुसलेल्या हातांनी तिने माझी उचलली,
दाराच्या उजेडात धरली,
तिरपी, मग पालथी.